ही कुठली भाषा? एका यादीचा इतिहास



लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकलेली एक गोष्ट आहे. बादशहाच्या दरबारात एक पंडित येतो. जी भाषा विचाराल ती अस्खलित बोलतो आणि आव्हान देतो, की माझी मातृभाषा ओळखून दाखवा. दरबारी हरतात. रात्री पंडित गाढ झोपलेला असताना बिरबल त्याच्या अंगावर गार पाणी ओततो. पंडित दचकून ओरडतो, आणि ओरडतो तो स्वतःच्या भाषेत. दक्षिणेत हीच गोष्ट तेनालीरामाच्या नावावर सांगतात, बंगालमध्ये गोपाळ भांडाच्या. म्हणजे ‘हा आवाज कुठल्या भाषेतला?’ हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी मुरलेला आहे.

आता हे काम यंत्र करतं, आणि त्यासाठी कुणावर पाणी ओतावं लागत नाही. तुम्ही कॉल सेंटरला फोन करता, व्हिडिओवर आपोआप उमटणारी अक्षरं वाचता, मोबाइलला तोंडी प्रश्न विचारता, तेव्हा अनेकदा आधी कुठेतरी हा निर्णय झालेला असतो, की बोलणारा मराठी बोलतोय, हिंदी बोलतोय की कन्नड. तो निर्णय चुकला, तर पुढचं सगळं चुकतं. मराठी वाक्य हिंदीच्या साच्यात बसवलं जातं आणि पडद्यावर भलतंच काहीतरी उमटतं.

आजच्या भागात मला त्या निर्णयाचा इतिहास सांगायचा आहे. मुद्दा एकच आहे आणि तो आधीच सांगून टाकतो. ‘ही कुठली भाषा?’ या प्रश्नाचं उत्तर यंत्र देतच नाही. ‘माझ्याकडच्या यादीतल्या कुठल्या नावाशी हा आवाज सर्वांत जास्त जुळतो?’ एवढंच ते सांगतं. ती यादी यंत्राने केलेली नाही. ती माणसांनी केली, गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत केली, आणि तिच्यात कोण आलं, कोण राहिलं, यामागे सरकारं आहेत, पाद्री आहेत, चळवळी आहेत आणि पुष्कळसा योगायोगही आहे.

पावती आणि निकाल

आधी हे काम चालतं कसं ते पाहू. भाषा ओळखून देणाऱ्या सेवा आज इंटरनेटवर बऱ्याच आहेत. तुमच्याकडची ध्वनिफीत तुम्ही तिकडे पाठवता. फीत मोठी असेल तर उत्तर लगेच मिळत नाही. मिळते ती पावती, म्हणजे एक लांबलचक क्रमांक. ज्यांनी ट्रंक कॉलचा जमाना पाहिला आहे त्यांना हे सहज समजेल. कॉल बुक करायचा आणि वाट पाहायची. थोड्या वेळाने तोच क्रमांक दाखवून विचारायचं, ‘झालं का?’ उत्तर येतं, ‘काम चालू आहे.’ पुन्हा थांबायचं, पुन्हा विचारायचं. काही सेवांना आपला पत्ता देऊन ठेवला, तर काम संपल्यावर त्या आपणहून कळवतात.

मग निकाल येतो. तो दिसायला अगदी साधा असतो. सर्वांत वर एक भाषा, तीही पूर्ण नावाने नव्हे, तर संकेताक्षरांत. मराठी असेल तर ‘एम-आर’, हिंदी असेल तर ‘एच-आय’. पुष्कळ सेवांमध्ये त्याखाली आणखी काही भाषा आणि प्रत्येकीपुढे शून्य ते एक यांमधला आकडा असतो. समजा, मराठीपुढे ०.५८, हिंदीपुढे ०.२४, गुजरातीपुढे ०.०९ असे आकडे आले. घाईत असलेला माणूस पहिली ओळ वाचतो, ‘मराठी’ म्हणतो आणि पुढे जातो.

पण खालचे आकडे नीट पाहा. बहुतेक वेळा सगळ्या आकड्यांची बेरीज एक होते. म्हणजे एक रुपया आहे आणि त्याचे सोळा आणे यादीतल्या भाषांमध्ये वाटले जात आहेत. जी भाषा यादीतच नाही, तिचा वाटा कुणी बाजूला काढून ठेवत नाही. तुम्ही अहिराणीतली फीत पाठवलीत आणि यादीत अहिराणी नसेल, तर ‘मला माहीत नाही’ असं उत्तर येण्याऐवजी तो रुपया मराठी, गुजराती आणि हिंदी यांच्यात वाटला जाईल, आणि कुणीतरी पहिलं येईलच. या क्षेत्रातल्या लोकांना हे ठाऊक आहे. ‘बंद यादी’ आणि ‘खुली यादी’ असा फरक ते करतात. खुल्या यादीत ‘यांपैकी एकही नाही’ म्हणायची सोय असते. रोजच्या वापरातल्या बऱ्याच सेवा मात्र बंद यादीवर चालतात.

मग प्रश्न येतो, की ही यादी आली कुठून?

ग्रियर्सन साहेबांचे खंड

हिंदुस्थानातल्या भाषांची पहिली मोठी यादी कुणी केली म्हणाल, तर जॉर्ज अब्राहम ग्रियर्सन यांचं नाव घ्यावं लागतं. हा आयरिश माणूस मुलकी सेवेत होता आणि त्याची नोकरीची बरीच वर्षं बिहारमध्ये गेली. १८८६ साली व्हिएन्ना इथे प्राच्यविद्येच्या परिषदेत हिंदुस्थानच्या भाषांचं पद्धतशीर सर्वेक्षण व्हावं असा ठराव झाला. त्यातून ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’ उभं राहिलं. त्याचे खंड १९०३ ते १९२८ या काळात छापले गेले आणि त्यांत १७९ भाषा आणि ५४४ बोलींची नोंद झाली.

पद्धत अशी होती. प्रत्येक बोलीचे ठरावीक नमुने मागवायचे. एक, बायबलमधल्या ‘उधळ्या पुत्रा’च्या दाखल्याचं त्या बोलीतलं भाषांतर. दोन, तिथलीच एखादी गोष्ट, गाणं किंवा जबानी. तीन, शब्दांची आणि छोट्या वाक्यांची ठरलेली यादी. हे सगळं जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अधिकाऱ्यांमार्फत गोळा झालं. सगळ्यांनी एकच गोष्ट सांगायची, म्हणजे तुलना सोपी. कल्पना हुशारीची होती.

मराठीचा खंड सातवा. तो १९०५ साली निघाला आणि तो तयार केला स्टेन कोनो या नॉर्वेजियन विद्वानाने. या खंडात कोकणी आहे ती मराठीची बोली म्हणून. बस्तरकडची हलबीही याच खंडात आहे. खानदेशी मात्र इथे नाही. तिला भिल्ल भाषांबरोबर नवव्या खंडात बसवलं आहे. म्हणजे जळगाव-धुळ्याची बोली एका कपाटात आणि पणजी-मडगावची दुसऱ्या.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या राज्याराज्यांत पसरलेल्या मराठी माणसांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मद्रास इलाखा, हैदराबाद संस्थान आणि म्हैसूर संस्थान या सर्वेक्षणात धरलेलेच नव्हते. हैदराबाद संस्थान म्हणजे औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद हा सगळा मराठवाडा त्यात आला. मद्रास इलाखा म्हणजे तंजावर. ज्या मराठवाड्यात ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ झाले, तोच मराठीच्या त्या थोरल्या पाहणीच्या कक्षेबाहेर राहिला. कारण भाषेचं नव्हतं, राज्यकारभाराच्या हद्दीचं होतं.

ग्रियर्सन यांना या कामाच्या मर्यादा कळत होत्या. एक बोली दुसरीत हळूहळू मिसळत जाते, मध्ये कुंपण घालता येत नाही, हे त्यांनी स्वतःच मांडलेलं आहे. पण खंड छापायचे तर कुठेतरी पान संपवावं लागतं, वर मथळा द्यावा लागतो. आणि एकदा मथळा छापला की तो टिकतो.

कागदावर ध्वनी उतरत नाही हेही त्यांना जाणवत होतं. म्हणून १९१३ नंतरच्या काही वर्षांत ग्रामोफोनच्या तबकड्यांवर दोनशेहून जास्त नमुने मुद्रित झाले. हिंदुस्थानातल्या बोलींचे आवाज नावानिशी साठवण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न. ‘हा आवाज, आणि हे त्याच्या भाषेचं नाव’ अशी जोडी. आजच्या यंत्राला शिकवायला नेमकी हीच जोडी लागते.

एकोणीस हजार नावांची गाळणी

दुसरी यादी जनगणनेची. देशभर एकाच वेळी झालेली पहिली जनगणना १८८१ सालची, आणि तेव्हापासून मातृभाषेचा प्रश्न विचारला जातो. माणूस जे सांगेल ते लिहून घ्यायचं. आता लोक काय सांगतात? कुणी भाषेचं नाव सांगतं, कुणी गावाचं, कुणी जातीचं. १९६१ च्या जनगणनेत १,६५२ मातृभाषांची नोंद झाली. १९७१ पासून दहा हजारांहून कमी बोलणाऱ्यांच्या भाषा वेगळ्या छापणं बंद झालं. २०११ साली लोकांनी सांगितलेली मूळ नावं होती १९,५६९. ती तपासून, जुळवून १,३६९ उरली. त्यांचे गट करून अखेर १२१ भाषा झाल्या.

ही गाळणी कुणीतरी बसून वापरतं. २०११ च्या तक्त्यात हिंदीचे बावन्न कोटींहून अधिक लोक आहेत. त्यात भोजपुरी सांगणारे पाच कोटी आहेत, राजस्थानी सांगणारे अडीच कोटी आहेत, छत्तीसगढी सांगणारे दीड कोटीवर आहेत. आपल्याकडे मालवणी कोकणीच्या खाली मोजली जाते. सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांत मात्र मालवणी ही मराठीच. खानदेशी वेगळी मोजली जाते आणि तिची संख्या साडेअठरा लाखांच्या वर आहे.

हे केवळ आकडे नाहीत. आपल्या देशात भाषांच्या मोजणीवर राज्यांच्या सीमा ठरल्या, आणि बेळगाव-निपाणीच्या वाचकांना ते मी सांगायला नको. बडोद्यात राहून काम केलेल्या गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाने सातशे ऐंशी भाषा नोंदवल्या. जनगणना एकशे एकवीस म्हणते, लोकसर्वेक्षण सातशे ऐंशी म्हणतं. देश तोच, माणसं तीच. बदललं ते नाव देण्याचं तत्त्व.

यंत्राचे कान

आता हिंदुस्थान थोडा वेळ बाजूला ठेवू आणि अमेरिकेत जाऊ, कारण आवाजावरून भाषा ओळखणारं यंत्र मुख्यतः तिथे घडलं. १९७० च्या दशकात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत लेनर्ड आणि डॉडिंग्टन यांनी अमेरिकी हवाई दलासाठी यावर काम केलं. हवाई दलाला यात रस का, हे वेगळं सांगायला नको. परक्या रेडिओवर कोण बोलतंय, आणि ते समजून घ्यायला कुठला दुभाषी बोलवायचा?

१९७७ साली हाउस आणि न्यूबर्ग यांनी एक कल्पना मांडली. शब्द कळले नाहीत तरी चालेल. कुठल्या प्रकारच्या ध्वनीनंतर कुठल्या प्रकारचा ध्वनी येतो, याची प्रत्येक भाषेची एक चाल असते. ती मोजा. ही कल्पना आपल्या अनुभवातलीच आहे. शेजारच्या घरातला रेडिओ भिंतीपलीकडून ऐकू येतो, शब्द एकही लागत नाही, पण बंगाली चालू आहे की तेलुगू, हे आपल्याला कळतं. मराठीतला ‘ळ’, ‘चार’मधला ‘च’ आणि ‘चमचा’मधला ‘च’ यांतला फरक, वाक्याच्या शेवटी वारंवार येणारं ‘आहे’, या सगळ्यांची मिळून एक चाल बनते. पुढे १९९६ साली एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतल्या मार्क झिसमन यांनी वेगवेगळ्या पद्धती एकमेकींसमोर ठेवून तपासल्या. त्यात ध्वनी ओळखायचा आणि मग त्या ध्वनींची साखळी तपासायची, ही पद्धत सरस ठरली. गंमत अशी, की इंग्रजी ध्वनींवर तयार केलेला ओळखणाराही दुसऱ्या भाषांसाठी चालतो. तो त्या भाषेतले ध्वनी चुकीचे ऐकतो, पण प्रत्येक भाषा तो आपापल्या ठरावीक तऱ्हेने चुकीची ऐकतो, आणि त्या तऱ्हेवरून भाषा सापडते.

पण यंत्राला शिकवायला आवाज हवेत. १९९२ साली ओरेगॉनमधल्या संस्थेत मुथुसामी, कोल आणि सहकाऱ्यांनी टेलिफोनवरून दहा भाषांतले आवाज जमवले. इंग्रजी, फारसी, फ्रेंच, जर्मन, जपानी, कोरियन, चिनी, स्पॅनिश, व्हिएतनामी आणि तमिळ. फोन करणाऱ्याला काही ठरावीक प्रश्न विचारायचे आणि मग मिनिटभर मोकळेपणाने बोलू द्यायचं. म्हणजे जगाने या शास्त्रात पहिल्यांदा मन लावून ऐकलेली भारतीय भाषा तमिळ. हिंदी नंतर, अकरावी म्हणून जोडली गेली.

१९९६ पासून अमेरिकेची मापनशास्त्राची सरकारी संस्था या यंत्रांची परीक्षा घेऊ लागली. तीन सेकंदांची, दहा सेकंदांची आणि तीस सेकंदांची फीत द्यायची आणि भाषा विचारायची. फीत जितकी लहान तितकी चूक जास्त. २००९ च्या परीक्षेत २३ भाषा होत्या. त्यात हिंदी होती, उर्दू होती, भारतीय इंग्रजीसुद्धा वेगळी भाषा म्हणून होती. हिंदी आणि उर्दू या एकमेकींशी गल्लत होणाऱ्या भाषांची जोडी म्हणून खास तपासल्या गेल्या. आठ कोटी लोकांची मराठी त्या तेवीसांत नव्हती. कुणी मुद्दाम वगळली असं समजू नका. परीक्षेसाठी लागणारा माल मोठ्या प्रमाणात ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’च्या प्रसारणांतून घेतलेला होता. ज्या भाषेत अमेरिकेला जगाशी बोलायचं होतं, ती भाषा यंत्राने ऐकली.

दोन अक्षरांचं तिकीट

निकालाच्या पहिल्या ओळीतली ती संकेताक्षरं आठवा. त्यांचाही एक इतिहास आहे, आणि तो मला सर्वांत बोलका वाटतो.

भाषांना दोन रोमन अक्षरांचे संकेत देण्याचं आंतरराष्ट्रीय मानक १९८८ साली आलं. त्यात मराठी आहे, संस्कृत आहे, गुजराती, कन्नड, सिंधी, काश्मिरी, नेपाळी आहेत. कोकणीला दोन अक्षरी संकेत नाही. मैथिली, डोगरी, संथाळी, बोडो आणि मणिपुरी यांनाही नाही. त्यांना नंतर तीन अक्षरी संकेत मिळाले. आपल्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी या सहा अशा आहेत. या सहाही अनुसूचीत १९८८ नंतर आल्या, कोकणी आणि मणिपुरी १९९२ साली, बाकीच्या चार २००३ च्या घटनादुरुस्तीने.

आणि त्याच दोन अक्षरी मानकात ‘बी-एच’ असा एक संकेत होता. कशासाठी? ‘बिहारी’ या भाषेसाठी. आता ‘माझी मातृभाषा बिहारी’ असं सांगणारा माणूस तुम्हाला सहजी भेटायचा नाही. लोक भोजपुरी बोलतात, मैथिली बोलतात, मगही बोलतात. या तिघींना एका गटात घालून ‘बिहारी’ हे नाव रूढ केलं ते ग्रियर्सन यांनी, एकोणिसाव्या शतकात. त्यांनी खंडावर घातलेला मथळा शंभर वर्षांनी संगणकाच्या मानकात जाऊन बसला, आणि स्वतः मैथिलीला मात्र तिथे जागा मिळाली नाही. तो संकेत २०२१ साली रद्द झाला.

आता मराठी-कोकणीकडे वळू. ग्रियर्सनच्या खंडात कोकणी ही बोली होती. १९७५ साली साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली. १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली, आणि त्याच कायद्याने मराठीच्या सरकारी वापराचीही सोय ठेवली. १९९२ साली ती अनुसूचीत आली. हा वाद आपल्या माणसांनी, दोन्ही बाजूंनी, पोटतिडकीने लढवला. मी आज त्याचा निवाडा करायला बसलेलो नाही. मला एवढंच दाखवायचं आहे, की लोकांनी लढून मिळवलेलं नाव यंत्राच्या यादीत आपोआप पोचत नाही.

पुरावा बघा. २०२० साली एस्टोनियातल्या टालिन इथल्या संशोधकांनी यूट्यूबवरच्या आवाजांतून १०७ भाषांचा संच तयार केला. प्रत्येक भाषेच्या विकिपीडियातून शोधशब्द काढायचे, ते टाकून व्हिडिओ शोधायचे आणि त्यांतला आवाज घ्यायचा. ज्या भाषेचं जालावर बऱ्यापैकी लिखाण आहे, तिचेच आवाज अशा रीतीने सापडणार. या यादीत मराठी आहे आणि संस्कृतही आहे. कोकणी नाही. दोन वर्षांनी ओपनएआय कंपनीने ‘व्हिस्पर’ हे यंत्र लोकांना खुलं केलं. जगभरातल्या कितीतरी सेवांच्या पोटात आज तेच आहे. त्याच्या शिकवणीसाठी आवाजांची भाषावार छाननी करताना हाच टालिनचा संच वापरला होता. व्हिस्परच्या ९९ भाषांतही मराठी आहे, संस्कृत आहे, कोकणी नाही. २०११ च्या जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१ होते आणि कोकणी सांगणारे साडेबावीस लाख. म्हणजे मडगावच्या मासळी बाजारातला आवाज या यंत्राला दिला, तर ते त्याला मराठी म्हणेल, हिंदी म्हणेल, आणखी काही म्हणेल. कोकणी म्हणणं मात्र त्याला शक्यच नाही, कारण तो शब्द त्याच्याकडे नाही. १९०५ सालचा मथळा वादविवादाने खोडला गेला होता. तो कुणाच्याही नकळत परत लिहिला जाण्याची ही सोय झाली.

एक यादी पिढी बदलताना पुढच्या यादीला आपला ठसा कसा देते, याचा आणखी एक दाखला आहे. २०२३ साली मेटा कंपनीने चार हजारांहून अधिक भाषा ओळखणारं यंत्र जाहीर केलं. इतक्या भाषांतले आवाज कुठून मिळाले? मोठा आधार होता तो निरनिराळ्या भाषांत वाचून मुद्रित केलेल्या नव्या कराराचा आणि इतर ख्रिस्ती ध्वनिमुद्रणांचा. ग्रियर्सनने उधळ्या पुत्राचा दाखला मागवला होता. शंभर वर्षांनी यंत्र जवळजवळ त्याच पोथीवर भाषा शिकत होतं. यात पाद्र्यांचा दोष नाही. लहानातल्या लहान बोलीत जाऊन, माणसांना बसवून मुद्रण करण्याचं काम त्यांनी केलं. इतरांनी केलं असतं तर इतरांचं वापरलं गेलं असतं.

तंजावरच्या आजींचा आवाज

याचा आपल्याशी काय संबंध, असं महाराष्ट्रातल्या वाचकाला वाटेल. मराठी तर आता सगळ्या याद्यांत आहे. खरं आहे. पण कुठली मराठी?

माझ्या ओळखीच्या, मूळच्या तंजावरच्या एका घरातल्या आजींचा आवाज मी त्यांच्या परवानगीने अशा एका सेवेला पाठवून पाहिला. व्यंकोजीराजांनी तंजावरला राज्य स्थापलं १६७६ च्या सुमारास. तेव्हापासून तिकडे गेलेल्या कुटुंबांनी घरात मराठी सांभाळली. शब्द मराठी, वळण जुनं आणि सूर तमिळ. पावती मिळाली, थोडी वाट पाहिली, निकाल आला. पहिली तमिळ, दुसरी तेलुगू, मराठी तिसरी. आजींना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. पुण्याचे पाहुणेसुद्धा पहिल्या दिवशी असंच म्हणतात, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मला ते उत्तर फार खरं वाटलं. यंत्राने बातम्या ऐकल्या, भाषणं ऐकली, मालिका ऐकल्या. इंदूरची हिंदीच्या लहेजाची मराठी, बडोद्याची गुजराती वळणाची, बिदर-बेळगावची कानडी हेलाची, हैदराबादची दखनी शब्द घेतलेली मराठी त्याने फार थोडी ऐकली. पुण्याच्या पाहुण्यानेही तितकीच ऐकलेली असते. फरक असा, की पाहुणा दुसऱ्या दिवशी सुधारतो, कारण आजी त्याच्याशी बोलत राहतात. यंत्राशी त्या आवाजात कुणी बोललं नाही, तर ते सुधारण्याचं कारण नाही.

आणि या चुकीची किंमत आहे. मदतीच्या क्रमांकावर फोन करणारी म्हातारी बाई चुकीच्या भाषेच्या माणसाकडे वळवली जाते. कुटुंबाने जपलेल्या मुद्रणांची सूची करताना फीत ‘तमिळ’च्या खणात जाते आणि मराठीचा अभ्यासक ती कधी उघडतच नाही.

निकाल वाचायचा कसा

शेवटी दोन-तीन कामाच्या गोष्टी सांगतो. तुमच्यापैकी कुणी घरातल्या जुन्या कॅसेटी, गावातली कीर्तनं किंवा मुलाखती जतन करत असाल आणि त्यासाठी अशी सेवा वापरत असाल, तर निकालातली फक्त पहिली ओळ उतरवून घेऊ नका. सगळे आकडे साठवून ठेवा. पहिल्या आणि दुसऱ्या भाषेत थोडंच अंतर असेल, तर ती फीत माणसाने ऐकलीच पाहिजे. सेवेच्या माहितीपत्रकात भाषांची यादी असते, ती आधी वाचा. आपली बोली तिथे नसेल, तर निकालाचा अर्थ ‘ही मराठी आहे’ असा न घेता ‘यादीतल्या भाषांपैकी मराठीच्या सर्वांत जवळची’ असा घ्या. काही सेवा फितीचा सुरुवातीचा थोडाच भाग ऐकून निर्णय देतात, व्हिस्पर पहिली तीस सेकंदं ऐकतं. सुरुवातीला निवेदक हिंदीत बोलला आणि पुढे तासभर मराठी कीर्तन असलं, तर निकाल हिंदी येईल. अशा वेळी फीत तुकड्यांत पाठवावी. आणि तुमच्या सूचीत दोन रकाने ठेवा. एक, यंत्र काय म्हणालं. दुसरा, बोलणारा स्वतःच्या भाषेला काय म्हणतो. हा दुसरा रकाना कुठलंही यंत्र भरून देणार नाही.

यादी बदलता येते, हेही इतिहासच सांगतो. २०२२ साली केंद्र सरकारने ‘भाषिणी’ सुरू केली. मद्रासच्या आयआयटीतल्या ‘एआयफॉरभारत’ या गटाने बावीसही भाषांतले आवाज गावोगाव जाऊन जमवायला घेतले. त्यात कोकणी आहे, मैथिली आहे, बोडो आहे. ‘भाषादान’ किंवा ‘कॉमन व्हॉइस’सारख्या ठिकाणी कुणालाही आपला आवाज देता येतो. पण बावीस हीसुद्धा एक यादीच आहे. अहिराणी तिच्यात नाही, हलबी नाही, भोजपुरी नाही. त्या बोलणाऱ्यांच्या फिती आजही कुणाच्या तरी घरात ट्रंकेत पडून आहेत, आणि त्यांच्यावर कोणती भाषा, कुठलं गाव, कोण बोलतंय हे लिहायचं राहून गेलं आहे. ते सांगू शकणारी माणसं हयात आहेत तोवर ते लिहून घ्या. चिकटपट्टीवर बॉलपेनने लिहिलं तरी चालेल.

इथेच थांबतो. भेटू पुढच्या भागात.